बियाण्याची माळ

राखेच्या पाण्यात रेशमाचा कोसा शिजताना जो वास उठतो, तो एकदा घेतलेल्या माणसाला जन्मभर विसरता येत नाही. ओल्या राखेचा, रानपाल्याचा आणि कोशाच्या आत निजलेल्या जिवाचा तो वास आंधळगावातल्या आमच्या विणकर आळीच्या भिंतींत इतका मुरला आहे, की परगावाहून येणाऱ्याला घर शोधावे लागत नाही. पण ज्येष्ठ सरत आला, आभाळाच्या कडेला सावळी साय धरू लागली, की माझे मन त्या वासाकडे नसते, ते वर आढ्याकडे लागलेले असते. तिथे बियाण्याच्या कोशांची माळ टांगलेली असते. तिन्हीसांजेच्या तिरप्या उजेडात एखाद्या कोशाचे टोक ओलसर दिसते का, आतून नखाने खरवडल्यासारखा बारीक आवाज येतो का, हे पाहत मी माग सोडून उभा राहतो आणि चाळिशी उलटलेल्या या छातीत पोरासारखी धडधड सुरू होते.

रीत जुनी आहे. रानात ऐनाच्या झाडांवर किडे पाळायचे काम ढिवरांचे, कोसा विणायचे काम आमचे. हंगामाचा ढीग अंगणात पडला की सोमाकाका ढिवर आणि माझे बाबा समोरासमोर बसत आणि त्यातले सर्वांत घट्ट, सर्वांत भरदार कोसे वेचून बाजूला काढत. ते मागावर चढायचे नसत. त्यांतून पुढल्या साली फुलपाखरे निघून अंडी घालायची, म्हणून त्यांची माळ ओवली जाई. पाखरू बाहेर पडले की कोसा फुटतो आणि फुटल्या कोशाचा अखंड धागा निघत नाही. म्हणजे उत्तम ते न विणताच सोडून द्यायचे, असा हा व्यवहार होता. माळ मात्र आमच्या घरी टांगत, कारण काकाच्या कुडाच्या खोपटात उन्हाळाभर कोसे भाजून निघाले असते. आमच्या कौलारू, जाड भिंतींच्या घरातले आढे वैशाखातही थंड असे.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. माझे लग्न ठरले होते आणि होणाऱ्या बायकोचे लुगडे मी स्वतः विणायला घेतले होते. सुमनला मी एकदाच पाहिले होते, तेही तुमसरच्या तिच्या मामाच्या घरी, पण प्रत्येक धोट्यासरशी तिचेच नाव ऐकू यावे असे ते दिवस होते. अंग विणून झाले, काठ झाले आणि पदराशी येऊन धागा संपला. दुसऱ्या रानाचा धागा जोडला असता तर पदर वेगळ्या रंगाचा दिसला असता. त्या रानाचे, त्या हंगामाचे कोसे आता एकाच ठिकाणी उरले होते. बाबा सोयऱ्याकडे बपेऱ्याला गेले त्या दुपारी मी शिडी लावली, माळ उतरवली आणि चुलीवर भांडे चढवले. आई हयात नव्हती, म्हणून बायकांचे हे काम ओबडधोबड हातांनी मीच केले, मांडीवर धागा वळला. इतका देखणा धागा मी पुन्हा पाहिला नाही, हेही आज सांगून टाकतो.

बाबा परतले तेव्हा मी म्हणालो, उंदरांनी नेली. बाबांनी आढ्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले नाही, आणि तसेच उठून सोमाकाकाला बोलवायला गेले. बियाणे नाही म्हणजे कोसा नाही, कोसा नाही म्हणजे त्यांच्या घरी खायला नाही आणि आमच्या मागावर ताणा नाही. एवढे सगळे त्या रिकाम्या आढ्याला लोंबत होते. काका आला, दारातच थबकला. मग म्हणाला, "बारक्या कोशाईची टोपली आना बरं, दादा."

टोपलीत चाळून टाकलेले खुरटे कोसे होते. एकेक कोसा कानाशी हलवून, आत जडपणे हलणारा तेवढा ठेवून, त्याने ओंजळभर निवडले, ओवले आणि आमच्याच आढ्याला बांधले.

लग्न झाले. ते लुगडे नेसून सुमन माप ओलांडून आत आली आणि आळीतल्या बायांनी पदर हातात घेऊन घेऊन पाहिला. मी खाली मान घातली. लोकांना वाटले, नवरदेव लाजला. त्यानंतरची प्रत्येक सांज बाबा, सोमाकाका, सुमन आणि मी वर मान करून काढत होतो. किती वाट पाहिली असेल! आणि एका सांजेला सुमनच ओरडली की कोसा रडतो आहे. टोक ओले झाले होते. त्यातून चुरगळलेल्या ओल्या फडक्यासारखे काहीतरी बाहेर आले, दोऱ्याला लटकले आणि बघता बघता पिवळ्या मातीच्या रंगाचे रुंद पंख उलगडले. पंखांवर अभ्रकाच्या खिडक्या. मादी होती. तीन दिवस माद्याच निघाल्या, नर एकही नाही. काकाने त्या बांबूच्या विरळ टोपलीत ठेवून गावाबाहेरच्या ऐनाला टांगल्या.

सकाळी आम्ही धावतच गेलो. टोपलीला बाहेरून लालसर पंखांचे एक रानटी पाखरू बिलगले होते. कुठल्या जंगलातून, कशाच्या ओढीने ते आले, कोण जाणे. काका माझ्याकडे वळून म्हणाला, "आला पाह्य, घरजावई! तुयापेक्षा बेस हाये, लाजून त नाही राहिला." महिनाभर न हसलेले बाबा डोळ्यांत पाणी येईतो हसले.

बियाणे वाचले, पण मूठभरच. त्या हिवाळ्यात आमचा माग निम्मा वेळ रिकामा उभा होता आणि सोमाकाकाचा मुलगा रतिराम धानाच्या बांध्यांत मजुरीला जात होता. पुढे रान पुन्हा भरले. बाबा गेले, काका गेला. माळ दर साली आमच्याच आढ्याला येत राहिली आणि मी उंदरांची गोष्ट तशीच जपली.

यंदा माळ बांधताना शिडीवरूनच रतिरामला सारे सांगितले. तो खालून दोरी धरून होता. म्हणाला, "माया बाबाले मालूम होतं, भाऊ. हंगाम सरला होता, तरी तुमच्या गल्लीत शिरल्याबरोबर ताज्या शिजल्या कोशाचा वास आला होता त्याले. उंदीर कोसे शिजवून खाते का?"

"मंग बोलला काहून नाही?"

"बोलला असता, त तुमचे बाबा शरमेनं पुन्हा माळ ठेवून घेतले नसते. एवढं थंडं आढं दुसरं कोठी होतं?"

त्या दिवसापासून मी माळेखाली उभा राहतो तो वेगळ्याच मनाने. कोशाच्या पाखराला तोंड नसते. बाहेर आल्यावर ते काही खात नाही, पीत नाही. आपल्याला कधीच दिसणार नाहीत अशा पोरांसाठी तेवढे दोन-चार दिवस जगते. सोमाकाका गिळून बसला तो राग त्याच्या पोटात किती वर्षे राहिला असेल, हे मी आता कुणाला विचारू?

आज सुमनने पाऊस लागण्याआधी हवा द्यायला ते लुगडे काढले आहे. लेकीला द्यायचे म्हणते. ओसरीतल्या दोरीवर त्याचा पदर हलतो आहे आणि वर आढ्याला माळ. पदराचे तिला अजून सांगितलेले नाही. एका कोशाचे टोक मघापासून ओलसर दिसते आहे. खरवडल्याचा आवाजही येतो आहे बहुतेक.

मी सुमनला हाक मारली आहे. ती हात पुसत येते आहे.