पैसे हातात द्या

"ए, तितनंच बोल. आत चिखल करू नगंस."

हे माझ्या आप्पाला, माझ्या बापाला. आप्पा पन्नाशी ओलांडलेला, बोलणारा दुकानाचा मालक, तिशीतला. आप्पा पायरीखालीच थांबला. डोक्यावर पोत्याची खोळ, त्यावरून पाणी गळतंय. आत दोन गिऱ्हाइकं खुर्च्यांवर बसून चहा पीत होती. त्यांच्या चपलांनाही चिखल होता. मी नीट बघितला.

दुकान पेठ वडगावातलं. रेल्वेची, ट्रॅव्हल्सची तिकिटं काढून द्यायचं. मालक आमच्याच गावचा, मोठ्या घरचा. त्याच्याच गोठ्यात आप्पा शेण काढायचा, म्हशींना वैरण टाकायचा. त्यामुळं घरी मालक, दुकानात मालक. सुटका नाही.

मला नर्सिंगच्या प्रवेशाला मुंबईला जायचं होतं. कागदपत्रं दाखवायला. तिथं ओळखीचं कुणी नाही म्हणून आप्पा सोबत येणार होता. रोख पैसे देऊन याच दुकानातनं दोन तिकिटं काढली. आणि पंचगंगा चढली. रुळावर पाणी आलं, गाडी रद्द झाली. पुराच्या भागातल्या पोरींना कॉलेजनं पुढची तारीख दिली. पाणी उतरलं, गाड्या सुरू झाल्या. पण दुसरी तिकिटं काढायला घरात पैसे नव्हते. आधीचे परत मिळायला हवे होते.

आप्पानं हात जोडले. "मालक, गाडी गेलीच न्हाय. तेवढं पैसं..."

"कसलं पैसं? पूर काय मी आणला? पावसानं गाडी रद्द झाली की रेल्वे काय देत न्हाय."

आप्पा "बरं" म्हणाला आणि वळला.

मी तशीच हातकणंगले स्टेशनला गेले. खिडकीतल्या बाईंनी तिकिटाचा कागद हातात घेतला. म्हणाल्या, "गाडी रेल्वेनं रद्द केली की पूर्ण पैसे परत जातात, बाळ. ज्यांच्या खात्यातनं तिकीट काढलं, त्यांच्याच खात्यात. ह्यावर मोबाईल नंबर कुणाचा?"

नंबर मालकाचा होता. पैसे आल्याचा मेसेजही त्यालाच गेला असणार.

दुसऱ्या दिवशी आप्पाला घेऊन परत गेले. तो यायला तयार नव्हता. "त्येच्या दारात काम करतोय मी," एवढंच म्हणत होता. मी ओढून नेलं. दुकानात माझ्या शाळेतले सर बसले होते. नववीला मला शिकवलेले. मालक त्यांना उरलेले सुट्टे देत होता, त्यांच्या तळहातावर ठेवून. मी पायरीखालूनच बाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं.

मालक हसला. "लई शिकलीस की गं! तुमा लोकांचं झकास हाय. शिक्षाण फुकट, आता रेल्वे बी फुकट पायजे."

सरही हसले. मालकाचं हसणं मला नवीन नव्हतं. सरांचं होतं.

मग मालकानं गल्ल्यातनं नोटा काढल्या आणि आमच्या दिशेनं फेकल्या. ओल्या पायरीवर पडल्या. "उचला आन् चालायला लागा."

आप्पा वाकला.

त्याची पाठ मला दिसली. जन्मभर दिसत आलेली. पण त्या दिवशी मी त्याचा दंड धरला.

"उचलू नको, आप्पा."

"आगं, आपलंच पैसं हायत ते."

"आपलं हायत म्हणूनच. भीक न्हाय ती." मग मी मालकाकडं बघितलं. "पैसे हातात द्या. सरांना दिलं तसं."

सर भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसले.

"हातात? तुझ्या?" मालक म्हणाला.

दोनच शब्द. आम्ही कोण, तो कोण, सगळं त्यात आलं.

मग तो उठला. पायरीवर आला, स्वतः वाकला आणि नोटा गोळा करून परत गल्ल्यात टाकल्या. "जा. काय करायचं त्ये कर जा."

वाटेत आप्पा माझ्या चार पावलं पुढंच चालत राहिला. सकाळी गोठ्यावर गेला तर तिथं दुसरा गडी लावलेला.

आईनं बचत गटातनं उचल घेतली. मी जनरलच्या डब्यातनं उभ्यानं, एकटीच मुंबईला गेले. प्रवेश मिळाला. पण जायच्या आधी स्टेशनवर लेखी तक्रार दिली होती. दुकानाचं नाव, मालकाचं नाव, सगळं घालून.

दिवाळीला घरी आले तेव्हा माझा चुलता एक कागद घेऊन बसला होता. मालकानंच धाडलेला. तक्रार मागं घेतल्याचा मजकूर तयार, खाली फक्त माझी सही हवी होती.

चुलता म्हणाला, "पैसं घरपोच दितो म्हणतोय. आप्पाला बी परत कामावर घील. न्हायतर गावात कोन बी कामाला बलवणार न्हाय. इचार कर, पोरी."

आप्पा तेव्हा इचलकरंजीला सुताच्या गाठी उचलायला जात होता. कमरेला पट्टा बांधून. माझ्याकडं न बघता म्हणाला, "कर की सही. ह्या वयात मी कुटं जाऊ?"

चुलत्यानं पेन पुढं केलं. आई चुलीपाशी, पाठ करून. सगळं घर माझ्या बोटांची वाट बघत होतं. सही केली असती तर त्या रात्री सगळे पोटभर जेवले असते. मलाही तेच हवं होतं. खोटं कशाला बोलू?

मी पेन घेतलं नाही.

सुट्टी संपायच्या आत रेल्वेकडनं तक्रारीच्या चौकशीला बोलावणं आलं. आप्पा भिंतीकडं तोंड करून पडला होता. आला नाही. मी एकटीच गेले. चौकशीच्या साहेबांनी विचारलं, "आपसात मिटवायचंय का?"

"न्हाय," मी म्हटलं. "लिहून घ्या."

आणि पहिल्यापासून सांगितलं. फेकलेल्या नोटा, ते दोन शब्द, सरांचं हसणं, आप्पाचं गेलेलं काम. साहेबांचं लिहिणं थांबलं की मीही थांबायची. एकही गोष्ट गाळू दिली नाही.

चौकशी अजून लांबतेय. गावात आप्पाला काम नाही. तो माझ्याशी कामापुरतंच बोलतो. निकाल उलटा लागला तर मी वरच्या हापिसात जाईन. तिथंही सगळं असंच सांगेन, शब्द न बदलता. मिटवणार नाही.