अंगठा चालणार नाही

शेंद्र्याच्या आमच्या वर्कशॉपमधले चार जण चहाला बसले की एक किस्सा संपायच्या आत दुसरा निघतो. आणि दर किश्श्यात तात्या असतातच!

आम्ही इंजिनचे अॅल्युमिनियमचे पिस्टन झिजू नयेत म्हणून त्यांना कडक थर देतो. आम्लाच्या गारेगार टाकीत पिस्टन टांगायचे आणि करंट सोडायचा. टाकीवर तात्या. कन्नड तालुक्यातले, घरी मेंढरं, शाळेत कधी गेलेच नाहीत. तपासणीला मी.

थर 'चढवला' म्हटलेलं तात्यांना खपत नाही. "ताई, रंग चढवत्यात. ह्यो थर धातूतनंच उगवतोय," म्हणतात. डिप्लोमाला मला हेच समजायला एक सेमिस्टर लागलं होतं.

* * *

एकदा मालकांना विचारून तात्यांनी घरची अॅल्युमिनियमची कढई टाकीत टांगली. बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, न झिजणारी कढई द्यायची होती. पण तिचे कान लोखंडी आहेत हे विसरले. सगळा करंट त्या कानांनीच खाल्ला. कढईवर थर आलाच नाही, उलट कानच गळून पडले.

काकू म्हणाल्या, "कढईला धरायला कान नाय, न् तुमाला ऐकायला नाय."

* * *

नव्या इंजिनिअरनं धुतलेला पिस्टन उघड्या हातानं उचलून टांगला. बाहेर काढला तर पाचही बोटं उमटलेली! बोटाचं तेल लागलं की डाग थरातच बसतो. त्यानं चिंधी लावली, थिनर लावलं, शेवटी काचकागद घेतला. काचकागदच गुळगुळीत झाला.

तात्या शांतपणे म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. इंजिन भंगारात जाईल, तुमची बोटं नाय जायची." तेव्हापासून हातमोज्याशिवाय तात्या कुणालाही टाकीजवळ फिरकू देत नाहीत.

* * *

मग पुण्याच्या कंपनीचे साहेब आले. आमचे पिस्टन त्यांच्या इंजिनात चालवून बघणार होते. पास झाले तर मोठं काम, नापास झाले तर होतं ते कामही दुसऱ्या शहरात जाणार आणि टाकी बंद. सगळ्यांचे चेहरे उतरलेले.

साहेब म्हणाले, थर फारच पातळ दिसतोय. तात्यांनी त्यांच्या हातात कानस दिली आणि खुशाल घासा म्हणाले. साहेबांनी टाय खांद्यावर टाकून घाम येईपर्यंत घासलं. पिस्टनला काही झालं नाही. मला इतका अभिमान वाटला की हसू लपवायला मी रजिस्टरमध्ये तोंड घातलं.

* * *

तेच रजिस्टर साहेबांनी मागितलं. टाकीच्या प्रत्येक नोंदीपुढे तात्यांचा अंगठा होता.

"अंगठा चालणार नाही," साहेब म्हणाले. "उद्या तक्रार आली तर काम कुणी केलं ते कळायला हवं."

त्या दिवशी तात्यांनी चहाही घेतला नाही. ट्रायलच्या पिस्टनांच्या नोंदीपुढे त्यांच्या जागी आधीच मी सही केली, त्याची मला अजून लाज वाटते. मग तात्यांनी ते पिस्टन टांगले, मी तपासले आणि खोका पुण्याला गेला.

* * *

काही महिन्यांनी साहेब स्वतः तो खोका घेऊन आले. इंजिन चालवून, खोलून काढलेले पिस्टन त्यांनी माझ्या टेबलावर मांडले. त्यातला एक उचलून खिडकीच्या उजेडात तिरका धरला. बाजूवर, अगदी खाली, एक अंगठा उमटलेला होता.

तो पिस्टन मीच पास केला होता.

"हा तुमच्या नजरेतून सुटला," साहेब म्हणाले. "पण इंजिन इतकं पळालं, तरी अंगठ्याची रेघ न् रेघ शाबूत आहे. सगळे पास." मग आजूबाजूला बघत त्यांनी विचारलं, "कुणाचं काम हे?"

तात्यांनी सावकाश हातमोजा काढला आणि अंगठा पुढं धरला.

"कळलं न्हवं, साहेब, कुणी केलं ते?"