पहिली ओळ

महिन्याचा पहिला रविवार. उपासनेहून आलेल्या सलोमीबाई दुपारचं जेवून बाजेवर आडव्या होतात. पंखा गरगरतोय, स्वयंपाकघरात सून प्रिसिला भांडी घासतेय आणि सकाळचा उपदेश डोक्यातून काही जात नाही. नवे पाळक म्हणाले होते, मन नवं झाल्याशिवाय माणूस नवा होत नाही. सगळी मंडळी माना डोलावत होती. मग प्रभुभोजनाची, येशूच्या आठवणीत वाटून खायच्या भाकरीची, ताटली आली. सलोमीबाईंनी भाकरीला बोट न लावता ती शेजारणीकडे सरकवली, एकेचाळीस वर्षं सरकवत आल्या तशीच.

डोळा लागतो. भांड्यांचा आवाज लांब जातो, अगदी लांब, आणि त्याचा घंटानाद होतो.

त्या देवळात उभ्या आहेत, वेदीजवळ, सगळ्यांच्या समोर. अंगात सतराव्या वर्षाचा फुलाफुलांचा परकर-पोलका. बाकांवर माणसं आहेत, पण कोणाचंही तोंड दिसत नाही. दाराकडे पाहावं तर दार नाही, चारी बाजूंना भिंतच.

"बस की," कोणीतरी म्हणतं.

वडील. याकोब मास्तर. जाऊन सहा वर्षं झाली त्यांना. पांढरा सदरा, खिशाला पेन, पाय अनवाणी.

"तुम्हीच उभं केलंत ना, पप्पा?"

मास्तर खाली पायांकडे बघतात. त्यांनीच केलं होतं. तेव्हा सलोमी मैत्रिणीबरोबर जत्रेत गेली होती, तंबूतला सिनेमा पाहायला, देवळातली रविवारची शाळा बुडवून. पुढच्या रविवारी, मंडळीत शब्द चालणाऱ्या बापाने भर उपासनेत तिचं नाव घेतलं. ही मुलगी प्रभूच्या मेजाला लायक नाही, म्हणाले, मी सांगेपर्यंत हिला भाकर देऊ नका. आणि सांगायचं विसरून गेले. की विसरले नाहीत, मोडता आला नाही शब्द, कोण जाणे. सलोमीचं लग्न झालं, मुलगा झाला, नवरा वारला, त्या माहेरच्या या घरी परत आल्या. चार पाळक बदलले. ताटली मात्र पुढे सरकतच राहिली.

"चल," मास्तर म्हणतात आणि चालू लागतात. बाकांमधली वाट अरुंद होते, गुडघे दोन्हीकडे घासतात. वाट संपते ती शाळेत, चौथीच्या वर्गात. खिडक्या आहेत, पण प्रत्येक खिडकीतून हाच वर्ग दिसतो, आणि त्यात पाठमोरी उभी सलोमी.

फळा काठोकाठ भरलेला आहे. मी लायक नाही. मी लायक नाही. मी लायक नाही. फळा संपलाय तिथे भिंतीवर, भिंत संपलीय तिथे फरशीवर.

सलोमीबाई एक खिडकी ढकलून बघतात. "मला बाहेर जाऊ द्या, पप्पा."

"मलाही जायचंय," मास्तर म्हणतात. "आधी अक्षर बघ."

त्या बघतात. अगदी वरची ओळ तिरकी, ठसठशीत, मास्तरांची. त्याखालची सगळी अक्षरं गोल, 'ल'ला लांब शेपूट असलेली. त्यांची स्वतःची.

"पहिली ओळ माझी," मास्तर हळूच म्हणतात. "ती मी परत घेतली होती, सलू. आठवतं? तू माझी नखं कापत होतीस."

आठवतं. शेवटच्या आजारात, ओसरीवर. पोरी, मी तेव्हा चुकलो, असं ते म्हणाले होते. त्यांचा अंगठा हातात धरून सलोमीबाई म्हणाल्या होत्या, आता कशाला ते. आणि पुढचं बोट धरलं होतं.

"म्हातारपणी सगळेच मऊ होतात," त्या म्हणतात. "मला वाटलं, मरणाच्या भीतीने बोलताय."

"भीती होतीच. पण खोटं नव्हतं ते. मी बदललो होतो गं. तू मात्र मला त्याच रविवारी उभं करून ठेवलंस." ते पाय पुढे करतात. टाचा भेगाळल्यात, उभं राहून राहून. "पूस."

"डस्टर कुठंय?"

"हाताने पूस."

हात वर जातो आणि तिथेच थांबतो. एवढ्या वर्षांत या एका वाक्याला धरूनच तर त्या उभ्या आहेत.

"हे पुसलं तर मी कोण राहीन, पप्पा?"

"मला नाही ठाऊक," मास्तर म्हणतात. त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच काही ठाऊक नाही. "पुसल्यावर कळेल. आणि एकदा पुसून भागणार नाही. उद्या परत उमटेल. उद्या परत पुसायचं."

मास्तरांची ओळ फुंकरीसरशी उडते, जणू नव्हतीच. स्वतःची एक ओळ मात्र खरवडावी लागते. तळहात भाजतो, घाम फुटतो. 'नाही' आधी जातं. त्या थांबून उरलेलं वाचतात, मग पुन्हा वाचतात, जोरात.

वळून बघतात तर वर्गात कोणी नाही. अनवाणी पावलांचे ठसे तेवढे, दाराच्या दिशेने. मघाशी दार नव्हतं तिकडे.

"मम्मी! अहो मम्मी, काय करताय?"

प्रिसिला चहाचा कप घेऊन उभी आहे. सलोमीबाई बाजेवर उठून बसल्यात, उजवा हात भिंतीवर टेकलेला. चुन्याची भिंत हातभर खरवडली गेलीय आणि खालचा जुना निळा रंग वर आलाय, मास्तरांच्या वेळचा.

"केवढा चुना लागलाय हाताला! धुवून या, मग चहा घ्या."

"राहू दे," सलोमीबाई म्हणतात. "पुढच्या महिन्यात प्रभुभोजन कितव्या तारखेला गं?"

आणि पांढऱ्याफटक हाताने कप धरतात. कपावर पाच बोटं उमटतात.