पाटकऱ्याच्या परातीतलं पीठ

पुण्याहून सोलापूरपर्यंत सायकलने जाणार, असे मी गल्लीतल्या प्रत्येकाला सांगून निघालो, ही पहिली चूक. सांगितले नसते तर बारामतीहूनच परतता आले असते. दिवे घाटात सायकलची घंटी निखळून दरीत गेली होती आणि तिच्या मागोमाग मीही जाता जाता राहिलो होतो.

बारामतीच्या बाजारात गूळ-शेंगदाणे घेताना दुकानदाराला इंदापूरची वाट विचारली.

"मोठ्या रस्त्यानंच जावा. कालव्याकडनं जवळ पडतं, पर बाभळीचं काटं लई."

माझ्यासारख्या मुरलेल्या प्रवाशाने अर्थातच कालव्याची वाट धरली.

त्रेपन्न सालचा हिवाळा होता. दुपार कलली तशी माणसे दिसेनाशी झाली. उसाला तुरे आले होते आणि वारा पडलेला असूनही ते हलत होते. कालव्याचे पाणी इतके निमूट होते, की काडी टाकून पाहिल्यावरच ते वाहते आहे हे पटले. लासुर्ण्याच्या अलीकडे दोन्ही चाकांनी एकदमच राम म्हटला. पंक्चरच्या डबीतली सोल्यूशनची नळी वाळून दगड झाली होती.

सायकल ढकलत निघालो. दिवस मावळताना एका वळणाशी पाटकऱ्याची (कालव्याचे पाणी शेतांना सोडणाऱ्या सरकारी माणसाची) चौकी दिसली. एकच खोली, दाराला कुलूप नाही. हाका मारल्या, ओ आली नाही. सायकल बाहेर बाभळीला साखळीने जखडली आणि आत शिरलो. जमीन ताजी सारवलेली, कोनाड्यात तेलाचा दिवा. दिवा जळतो आहे म्हणजे मालक जवळपास असणार, असा मी निष्कर्ष काढला. तो तितकासा चुकीचा नव्हता.

खोलीच्या मधोमध एक बांबूची पाटी पालथी घातलेली, वर दगड. खाली परातीत ज्वारीचे पीठ, छान पसरलेले. पोटात गूळ-शेंगदाण्यांची आठवण तेवढी उरली होती. दोन मुठी पीठ घेतले, कालव्याच्या पाण्यात मळले आणि बाहेर काटक्यांच्या निखाऱ्यात दोन रोडगे भाजून खाल्ले. मग चोराला शोभेल अशा काळजीने उरलेले पीठ तळहाताने सपाट केले, पाटी झाकली, दगड ठेवला आणि कोपऱ्यात आडवा झालो.

झोपेत केव्हातरी फ्रीव्हीलची टिकटिक ऐकली. कुणीतरी पायडल न मारता कालव्याच्या कडेने येत होते. टिकटिक दाराशी आली आणि थांबली. मालक आला असे वाटून मी घाईघाईने घोरू लागलो. आत कुणीच आले नाही.

उजाडताच दारात एक बाई उभी होती, कपाळ पांढरे. मागे फेटेवाला म्हातारा.

"कोन वो तुमी? आन हितं कसं?"

"पुण्याचा. सायकल पंक्चर झाली."

"पाटीला हात न्हाय ना लावला?" म्हाताऱ्याने विचारले. हा गेलेल्या पाटकऱ्याचा थोरला भाऊ, तात्या.

मी नको तितक्या जोरात नकारार्थी मान हलवली. मग तात्याने सांगितले. भाऊ याच जागेवर तापाने गेला. गेल्या जागी दिवा लावून पीठ झाकून ठेवायचे आणि रात्री तिथे कुणी थांबायचे नाही; जीव वाटेला लागला की त्यात खूण उमटते. दोन रात्री पीठ कोरेच होते.

"चौकी सरकारची. दुसरा पाटकरी येनार. सोनाबाईला पणदऱ्याला न्येतो म्हनतोय, तर ही हलंना."

"धनी हितं असतील तर म्या कशी जाऊ, भावजी?" बाई म्हणाली आणि पाटीपुढे बसली.

मी पुढे झालो. "बाई, थांबा. मी खोटं बोललो. पीठ मी काढलं, खाल्लं. वरून हात फिरवला. आत दिसेल ती माझीच बोटं असणार."

तात्याच्या तोंडाला जे आले ते छापण्यासारखे नाही. बाईने शांतपणे दगड बाजूला केला, पाटी उचलली.

"कुठायत बोटं?" ती म्हणाली. "हितं तर चाक हाय."

परातीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत टायरचा नक्षीदार पट्टा उमटला होता.

"तुमचीच गाडी फिरवलीसा!" तात्या ओरडला. आम्ही बाहेर धावलो. सायकल साखळीतच होती. पुढच्या चाकापासून बाभळीपर्यंत कोळ्याने जाळे विणले होते आणि ते दवाने भिजलेले, अखंड होते. टायरला पिठाचा कण नव्हता.

"आणि पाटकऱ्यांची सायकल?" मी विचारले.

"चार दिस झालं, पणदऱ्याला माझ्या घरात हाय," तात्या म्हणाला आणि ओट्यावर बसला.

बाईने गाठोडे बांधले. दिवा फुंकरीने नव्हे, पदराने मालवला. मी तोंडातल्या तोंडात माफी मागू लागलो.

"पोट भरलं का तुमचं?"

"भरलं."

"मंग झालं. आता येक करा. वळनावर धनी दोनदा घंटी वाजवायचं, मंग म्या तवा ठेवायची. तेवढी वाजवून जावा."

घंटी दिवे घाटात आहे, हे तिला सांगण्याचे धैर्य झाले नाही. सायकल ढकलत वळणावर पोचलो, इकडेतिकडे कुणी नाही असे पाहिले आणि तोंडाने मोठ्याने म्हणालो, "ट्रिंग!" आपल्याच आवाजाची इतकी लाज वाटली, की दुसऱ्यांदा तोंड उघडेना.

दुसरी घंटी उसाच्या बाजूने वाजली. खणखणीत, पितळी.

मागे चौकीच्या ओट्यावर बाईने हात वर केला, आणि ती तात्यामागून चालू लागली.

सोलापूर राहिले. इंदापुरात पंक्चर काढून मी मोठ्या रस्त्याने परतलो. गल्लीत विचारतात त्यांना पायाचे दुखणे सांगतो. पुण्यात आल्याबरोबर सायकलला नवी घंटी बसवली आहे. वळणावर वाजवतो, पण एकदाच. आणि लगेच जोरात पायडल मारतो.