संशयाची घाई

काल मी माझ्याच बायकोला भामटी समजून फोन ठेवला. अनोळखी नंबर आणि रडवेला आवाज: "अहो, आई पडल्यात, लगेच दवाखान्यात या." असल्या फोनांपासून सावध राहा, असं मीच गावभर सांगत असतो. "बाई, दुसरं गिऱ्हाईक बघा," म्हणालो आणि तो नंबरच ब्लॉक केला.

तेव्हा मी ऑफिसातल्या नव्या यंत्रापुढे मिरवत उभा होतो. त्याच्या पोटात हजारो छोटे प्रोसेसर एकाच वेळी राबतात आणि हजारो डिजिटल सह्या खऱ्या की खोट्या, ते पापणी लवायच्या आत सांगतात. हिरवे दिवे नुसते लुकलुकत होते.

तासाभराने शेजाऱ्यांनी कळवलं. दवाखान्यात पोचलो, तर मनगट मोडलेली आई दाराकडे डोळे लावून बसलेली.

संताप संताप झाला. माणसांचे आवाजसुद्धा चोरणाऱ्या हरामखोरांचा, आणि त्यांच्या भीतीने समोरच्याला आधी चोर ठरवणाऱ्या आपल्या सगळ्यांचा. विश्वास उडाला, तर तो परत आणायची कुणाला घाई नाही. संशय झटपट घेता यावा म्हणून मात्र यंत्रं येतात! आणि त्या यंत्राच्या शहाण्या राखणदाराला, म्हणजे मला, बावीस वर्षं ऐकलेला एक आवाज ओळखता येत नाही. त्या हिरव्या दिव्यांवर बादलीभर पाणी ओतावंसं वाटलं.

घरी आल्यावर बायको शांतपणे म्हणाली, "माझा फोन गडबडीत घरीच राहिला होता. दवाखान्याबाहेरच्या शहाळेवालीकडे मागितला. तिनं कोयता खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि फोन दिला. मी कोण, कुठली, काही विचारलं नाही हो तिनं."