जुन्या टेबलावरचं नवं कापड

मोघे डॉक्टर वाईट बातमी आधी सांगत. आधी पाठीवर हात ठेवणं नाही, 'तसं काळजीचं काही नाही' वगैरे नाही. न्यूझीलंडला आल्यावर मी पहिली नोकरी पुकेकोहेच्या एका वृद्धाश्रमात केली. तिथे ते दर आठवड्याला म्हाताऱ्यांना तपासायला येत. पहिल्याच भेटीत त्यांनी मला मराठीत विचारलं, "कुठली गं तू?"

"जिंतूरची, सर. परभणी जिल्हा."

"शिक्षण?"

"बी.एस्सी. नर्सिंग."

"मग इथे लोकांना आंघोळी का घालतेस?"

इथल्या नोंदणीसाठी लागणारी इंग्रजीची परीक्षा सुटत नाही, असं मी चाचरत सांगितलं.

"सुटणारच नाही," ते म्हणाले. "तू इंग्रजी बोलत नाहीस, पाठ म्हणतेस. हे झालं वाईट. आता चांगलं. शनिवारी घरी ये. माझ्या बायकोने पुण्यात कॉलेजात इंग्रजी शिकवलंय. ती तुला पास करेल."

मला रडू आलं होतं आणि त्याच वेळी हायसंही वाटलं होतं. मी ज्या घरातून आले तिथे वाईट बातमी कधीच सरळ येत नसे. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. माझे आजोबा वारले तेव्हा होस्टेलवर निरोप आला होता, 'आजोबांना जरा बरं नाही, येऊन जा.' मी त्यांच्यासाठी मोसंबी घेऊन एसटीत बसले होते. आमच्याकडे याला माया म्हणतात, आणि ती माया असतेही. मोघे डॉक्टरांना ती पटत नसे. "माणसाला उगाच मोसंबी घ्यायला लावू नये," एवढंच ते म्हणाले होते.

शनिवारी गेले तर पुढचं दार बंद. गॅरेजमधून आवाज आला, "इकडून ये." आत गाडी नव्हती. गाडी कायम बाहेर पावसात असे. आत होती लांबट, अरुंद, हिरव्या कापडाची टेबलं. काही उघडलेली, काही मधल्या बिजागरीवर मिटून पेटीसारखी भिंतीशी उभी. प्रत्येकाचं एक टोक अर्धगोल, आणि त्या टोकाला वाटीएवढे नऊ खळगे, तळाशी आकडे. भिंतीवर एक लोखंडी आकडा, छताला दोरीने टांगलेली कडी. ती झोका देऊन आकड्यात अडकवायची, हाही एक पबमधलाच खेळ. दुसऱ्या कोपऱ्यात रेघा ओढलेली गुळगुळीत फळी. तिच्यावर तळहाताने नाणी सरकवायची.

"बॅगाटेल," टेबलाकडे हात करून ते म्हणाले. "लहानपणी खिळे ठोकलेल्या फळीवर छर्रे उडवलेस ना? ते याचं नातवंड. हे आजोबा. सोन्याच्या खाणीवर आलेली माणसं पबात बसून हे खेळायची. आता पब बंद, खाणी बंद. टेबलं कुणाच्या तरी मेंढ्यांच्या शेडमध्ये पडलेली असतात. लोक त्यांचे पाय कापून कॉफी टेबल करतात. मी ती आधी गाठतो."

त्यांच्याकडे एक नियम होता. आलेल्या प्रत्येकाने चहाआधी एक डाव खेळायचा. खळग्यांच्या पुढे काळा चेंडू ठेवलेला असे. क्यूने, म्हणजे लांब काठीने, मारलेला आपला पहिला चेंडू आधी त्या काळ्याला लागला पाहिजे, नाहीतर डाव फुकट. मी बाजूचे सोपे खळगे बघून मारला. "आधी काळा," ते म्हणाले. "तो चुकवून कुणालाही पुढे जाता येत नाही." हे वाक्य मी पुढे शेकडो वेळा ऐकलं. बिलं असोत, गाडीची दुरुस्ती असो, मुलाचा घटस्फोट असो, "आधी काळा" म्हणून ते विषयाला हात घालत.

शैलाताई, म्हणजे त्यांची बायको, या सगळ्याला 'यांचं गोडाऊन' म्हणायच्या. "मेलेल्या लोकांचं फर्निचर जमवतात," त्या मला म्हणायच्या, आणि डॉक्टर आतून म्हणायचे, "जिवंत लोकांचं परवडत नाही." ताईंनी कधी क्यू हातात धरला नव्हता. त्यांनी मला स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसवून वर्षभर शिकवलं. मी पास झाले, नोंदणी झाली, हॅमिल्टनच्या हॉस्पिटलमध्ये लागले. आज माझ्या नावापुढे जे काही आहे ते या दोघांमुळे आहे, हे मी कुठेही लिहून द्यायला तयार आहे.

निवृत्त झाल्यावर ते दोघे टेबलांसह हॅमिल्टनमध्येच रोटोटुनाला राहायला आले, माझ्या घराजवळच. मधुमेह त्यांना फार जुना. त्याने आधी डोळ्यांकडे बघितलं, मग किडन्यांकडे. मी तोवर घरी डायलिसिस करणाऱ्या रुग्णांना शिकवणाऱ्या विभागात होते. इथे बरेच लोक मशीन घरीच ठेवतात आणि स्वतःच्या हाताने सुया टोचून घेतात. डॉक्टरांचं मशीनही गॅरेजमध्येच बसलं, कारण पाण्याची जोडणी तिथे होती. विद्यार्थी म्हणून ते वाईट होते. "सुई मी टोचतो. तू नुसती उभी राहा आणि चूक काढ," म्हणायचे. आणि मी चूक काढली की चिडायचे. दिवसाआड पाच-पाच तास एक हात न हलवता बसायचं. उरलेल्या दिवशी खेळायचं.

सगळ्यांत लाडकं टेबल वेस्ट कोस्टवरच्या एका पडक्या पबमधून आणलेलं होतं. त्याच्या कापडाचा हिरवा रंग गेला होता. मधून एक तपकिरी पट्टा गेला होता, इतक्या लोकांनी इतकी वर्षं त्याच वाटेने काळ्यावर नेम धरला होता. कडेला सिगारेटचे डाग, बिअरचे डाग, कोपरं घासून पातळ झालेल्या जागा. चेंडू त्या पट्ट्यात शिरला की किंचित डावीकडे जाई. डॉक्टरांना ते वळण पाठ होतं. "ही वाट मी केलेली नाही," म्हणायचे. "मी नुसता तिच्यावरून चालतो."

गेल्या वर्षी थंडी सुरू होताना त्यांच्या पायाची दोन बोटं काढावी लागली. हॉस्पिटलातला मुक्काम लांबला. हृदयही थकलं होतं. मशीनवर असताना रक्तदाब कोसळायचा, पोटऱ्यांत असे गोळे यायचे की ते उशी चावायचे. एका दुपारी मी वॉर्डात गेले तर म्हणाले, "बस. मी मशीन बंद करणार आहे."

मी नर्स आहे. बंद केल्यावर किती दिवस उरतात हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं.

"ताईंना?"

"घरी गेल्यावर. पहिल्या दिवशी, पहिलं वाक्य. तोवर तू गप्प. हे मीच बोललं पाहिजे."

घरी आणलं त्या दिवशी मी मशीन पुन्हा सुरू करायच्या निमित्ताने सोबत होते. गाडी दारात आली तर गॅरेजचं शटर वर होतं आणि आत इथल्या मराठी मंडळाचे चार-सहा लोक उभे होते. मध्ये वेस्ट कोस्टचं टेबल. लाकूड आरशासारखं चमकत होतं. खळग्यांतले आकडे सोनेरी रंगाने नव्याने काढलेले. आणि कापड कोरं, हिरवंगार, एकही सुरकुती नसलेलं.

ते हॉस्पिटलात असताना ताईंनी ऑकलंडहून बिलियर्डची टेबलं दुरुस्त करणारा माणूस बोलावला होता. मंडळातल्या लोकांनी टेबल उचलून दिलं होतं. आयुष्यभर ज्या गोडाऊनला नावं ठेवली, त्याला ताईंनी पहिल्यांदाच हात लावला होता.

डॉक्टर वॉकर धरून उभे राहिले. मग एक हात सोडून त्यांनी कापडावर तळवा फिरवला, जिथे तो पट्टा होता तिथे.

"अहो, कसं आहे?" ताई म्हणाल्या. "तो माणूस म्हणाला, आता पुढची वीस वर्षं बघायला नको."

"छान झालंय," डॉक्टर म्हणाले. "अगदी नवं."

"काय डॉक्टर, आता पार्टी," मंडळातलं कुणीतरी म्हणालं. "आणि आता हरलात तर कापडाला नावं ठेवायची नाहीत."

"आणि तुम्ही मला खेळायला शिकवायचं," ताई म्हणाल्या. त्या हसत होत्या. इतक्या मोकळ्या हसताना मी त्यांना फार दिवसांनी बघत होते.

लोक गेले. ताई चहा करायला आत गेल्या. मी मशीनच्या नळ्या लावत होते. डॉक्टर खुर्चीतून म्हणाले, "जुनं कापड कुठे आहे?"

"डंपमध्ये गेलं असेल, सर."

"हं." मग म्हणाले, "त्या पबातलं काहीच राहिलेलं नाही, ना फोटो, ना नावं. तेवढा पट्टा होता." आणि जरा वेळाने, "शैलाला यातलं काही कळता कामा नये."

"आणि दुसरं?"

"सांगतो. चार दिवस जाऊ देत. एवढा खटाटोप केलाय तिने."

पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून मी 'जाऊ देत' ऐकलं.

ते चार दिवस संपूर्ण हिवाळा चालले. ताई खरंच खेळायला शिकल्या. मशीनच्या दिवशी त्या एकट्या खेळत आणि डॉक्टर खुर्चीतून सूचना देत, "कोपर खाली. अगं, भांडी घासत नाहीयेस तू, सावकाश." ताई म्हणत, "तुम्ही रक्त गाळा, मला खेळू द्या." मधल्या दिवशी दोघं खेळत, बाजूला हीटर लावून. डॉक्टर बहुतेक वेळा हरत. मी दर पंधरवड्याला जाई. त्यांचं वजन उतरत होतं, दुसऱ्या पायाचं बोट काळं पडत होतं, सुईची जागा पुन्हा पुन्हा सुजत होती. मी ओठांनीच विचारी, "सांगितलं?" ते मान हलवत. एकदा ताई नसताना मी स्पष्ट बोलले, "सर, तुम्ही उगाच सोसताय."

"तू मला शिकवू नकोस."

"तुम्हीच शिकवलंय."

त्यांनी डोळे मिटले. "मी लोकांना सांगत आलो. ते ऐकून घरी जायचे. त्यांच्या स्वयंपाकघरात पुढे काय व्हायचं, ते मी कधी बघितलं नाही. ती सकाळी उठून आधी इथे येते, संगीता. ब्रशने कापड साफ करते."

हिवाळा सरताना एका सकाळी मी पाण्याचा फिल्टर बघायला गेले होते. दोघांचा डाव चालू होता. डॉक्टरांनी वाकून नेम धरला, मारला, चेंडू काळ्याला न लागता कडेला जाऊन थांबला. ते सरळ होऊ शकले नाहीत. टेबलाला धरून तसेच वाकलेले असताना म्हणाले, "शैला, मला मशीन बंद करायचंय. हॉस्पिटलातून आलो तेव्हाच ठरलं होतं."

ताईंनी त्यांना धरून खुर्चीत बसवलं. मग विचारलं, "तेव्हाच म्हणजे? हा अख्खा हिवाळा?"

"हो."

"माझ्यासाठी टोचून घेत होतात?"

ताईंनी त्यांच्या हातातला क्यू काढून घेतला.

"मला विचारायचंत तरी," ताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "मी इतकी लहान आहे? उशी चावताना बघत होते मी तुम्हाला. मी रोज म्हणत होते, यांना जगायचंय, म्हणून हे सोसताहेत. म्हणून मी थांबा म्हणत नव्हते."

दोघं एकमेकांसाठी ते मशीन चालू ठेवत होते. माझ्या कामात मी खूप काही बघितलं आहे, पण त्या दिवशी फिल्टर हातात घेऊन मी गॅरेजच्या बाहेर जाऊन उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी ताईंनी स्वतः विभागात फोन केला. मुलगा मेलबर्नहून आला. शेवटच्या दिवसांत काळजी घेणाऱ्या हॉस्पिसची नर्स येऊ लागली. डॉक्टरांची खाट गॅरेजमध्येच टाकली. पहिले काही दिवस ते बरे होते, गोळे नव्हते म्हणून चक्क मजेत. मी मशीनचं पाणी बंद करत होते तेव्हा मला म्हणाले, "एवढी भारी झोप कित्येक वर्षांत लागली नाही." मग श्वास जड झाला, अंगाला खाज सुटली, बोलणं घोगरं झालं, तोंडाला तो वास यायला लागला जो मी ओळखते. शेवटचे दोन दिवस ते कुणाला ओळखत नव्हते. एका दुपारी गेले. ताई शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "झालं," आणि घड्याळाकडे न बघता त्यांनी डॉक्टरांचे डोळे मिटले.

काही आठवड्यांनी मी मशीन आणि उरलेली खोकी न्यायला गेले. टेबलं तशीच होती. तोवर ताईंनी ती विकण्याचं नाव काढलं नव्हतं. मी खोकी रचत होते, त्या वेस्ट कोस्टच्या टेबलाशी उभ्या होत्या.

"संगीता, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचारा ना."

"हे कापड त्यांना आवडलं होतं का गं?"

'हो' म्हणणं सोपं होतं. डॉक्टरांनी मला तसं बजावलंही होतं. पण ज्या बाईला अख्खा हिवाळा आशेवर ठेवलं गेलं, तिला आणखी एक गोड गोष्ट द्यायला माझी जीभ वळेना.

"नाही, ताई," मी म्हणाले. "त्यांना जुनंच हवं होतं. तो पट्टा त्यांना प्रिय होता, त्याचं वळण त्यांच्या हातात बसलं होतं. तुम्ही केलं होतं म्हणून ते बोलले नाहीत."

त्यांनी मान डोलावली. त्या रडल्या नाहीत. कापडावर मधोमध बोट ठेवून त्यांनी ते सावकाश खळग्यांपर्यंत नेलं आणि परत आणलं.

"हिवाळाभर माझ्याशी हरत होते," त्या म्हणाल्या. "आणि मला वाटायचं, नजर गेली यांची."