हिरवी टिपणी

मीना भोये पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची. घरात सरकारी नोकरी लागलेली ती पहिलीच. नाशिकमधल्या एका केंद्रीय कार्यालयात ती वरिष्ठ लिपिक होती. अकरा वर्षांत तिच्याबद्दल कुणी चांगलंही बोललं नव्हतं आणि वाईटही. फाईल आली की कागद तपासायचे, टिपणी लिहायची, वर पाठवायची. वर शाखाधिकारी कुलथे, त्यांच्यावर उपसंचालक, आणि सगळ्यांच्या वर दिल्लीतलं मंत्रालय.

मंगळवारी तिच्याकडे मुलींच्या वसतिगृहाची फाईल आली. सुरगाण्याकडे डोंगरात बांधलेली नवी तीन मजली इमारत. शुक्रवारी उद्घाटन, पत्रिकाही वाटून झालेल्या. ताबा घ्यायला हरकत नाही, एवढंच लिहायचं होतं. पण स्लॅबवर वजन ठेवून करतात त्या भार चाचणीचा अहवाल कागदांत नव्हता. तिने ठेकेदाराला फोन लावला.

"देऊ की नंतर," तो म्हणाला.

मीनाने लिहिलं, 'भार चाचणीचा अहवाल जोडलेला नाही. तो येईपर्यंत ताबा घेऊ नये.' आणि फाईल पुढे पाठवली.

दहाच मिनिटांत कुलथेंनी केबिनमध्ये बोलावलं. फायली आता संगणकावर चालतात. लिहिताना टिपणी पिवळ्या पानावर असते, तोवर खोडता येते. पुढे पाठवली की हिरवी होते. मग खुद्द साहेबालाही त्यातला काना-मात्रा बदलता येत नाही. कुलथेंच्या पडद्यावर तिची टिपणी हिरवी झालेली दिसत होती.

"भोये मॅडम, ही फाईल बंद करा. नव्या नंबरची काढा. त्यात हे वाक्य नको."

"साहेब, पण अहवाल..."

"अहवाल येईल हो! शुक्रवारी दिल्लीची माणसं येतायत. त्यांना काय सांगू, भोये मॅडम नको म्हणाल्या?"

"मग तसं लेखी द्या, साहेब."

कुलथे खुर्चीत मागे रेलले. आवाज चढवला नाही. "मुलगी पुढच्या वर्षी दहावीला ना तुमची? नागपूरला दोन जागा रिकाम्या आहेत."

संध्याकाळी तिने नवऱ्याला, किशोरला सांगितलं. तो चिडलाच. "इंजिनिअरने सही केलीय ना? मग तुला एकटीला काय पडलंय?"

"वरच्या मजल्यावर साठ पोरी झोपणार आहेत."

ती स्वतः सात वर्षं वसतिगृहात राहिली होती. एका खोलीत किती खाटा आणि किती लोखंडी पेट्या असतात, हे तिला कुणी सांगायला नको होतं. जेवताना किशोर फक्त एवढंच म्हणाला, "नागपूर लांब आहे गं."

बुधवारी सकाळी फाईल शेरा न मारता तिच्याकडे परत आली होती. तिने त्याच फाईलवर लिहिलं, 'ही फाईल बंद करून नवी उघडावी, अशी तोंडी सूचना मिळाली आहे. त्याबाबत लेखी आदेश व्हावेत.' वाक्य चारदा वाचलं. मग पाठवण्याचं बटण दाबलं. पिवळं पान हिरवं झालं.

त्या दिवशी तिला चहाला कुणी हाक मारली नाही. कुलथेंचं दार बंदच. गुरुवारी दुपारपर्यंत फाईल त्यांच्याकडेच अडकलेली दिसत होती. मीना दर पंधरा मिनिटांनी पाहायची. तीन वाजता ती हलली. कुलथेंनी नुसतं 'निर्णयार्थ सादर' लिहून ती वर सोडली होती. उपसंचालकांनीही अंगावर न घेता दिल्लीला फोन केला. साडेपाचला निरोप आला: उद्घाटन पुढे ढकला, आधी चाचणी करा.

महिन्याभराने स्लॅबवर वाळूच्या गोण्या रचल्या. दुसऱ्या मजल्याचा स्लॅब वाकला, आणि गोण्या काढल्यावरही वर आला नाही. तो तोडून नव्याने घालायचं ठरलं.

जूनमध्ये मीनाची नागपूरला बदली झाली. कारण 'प्रशासकीय'. कार्यमुक्तीच्या आदेशावर सही करता करता कुलथे खाली बघतच म्हणाले, "तुमच्या टिपणीखाली नेहमी माझी सही असते. त्या दिवशी ते वाक्य गाळून नवी फाईल काढली असती, तर आज मी कुठे असतो?"

"एक प्रत द्या, साहेब," मीना म्हणाली, आणि कागद घेऊन बाहेर पडली.